हेल्मेटमावशी काढली कोणी?

आमच्या सेक्टर दहातल्या ढोमणेकाकांना कॉमिक्समधला कुठलाही वीर दाखवा, तो उडतो की बुडतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. "ते जाऊ दे. लिवलं कोनं? काढलं कोनं?"

माझ्या लग्नपत्रिकेवरचा गणपती कोणी काढला, हे विचारायला ते थेट छापखान्यात गेले होते. तिथेच इतके रमले की लग्नाला यायचं राहून गेलं.

स्वतः काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. पण भिलाईत त्यांचं नाव झालं ते हेल्मेटमावशीमुळे. कँटीनमधली ही मावशी बिनहेल्मेटवाल्यांच्या टाळक्यात डाव हाणायची. मुलांच्या एका मासिकात तिची चित्रकथा यायची, खाली एकच नाव, ढोमणे. मासिक कधीच बंद पडलं, तरी हुडको वसाहतीतले दुकानदार अजून "मावशीवाले ढोमणे" म्हणतात, आणि काका कारलं चावल्यासारखं तोंड करतात. आम्ही त्याला विनय समजायचो.

गेल्या वर्षी सेक्टरच्या मंडळाने त्यांना मुलांच्या वेशभूषा स्पर्धेचं परीक्षक केलं. झालं! ज्याला आपल्या वीराचे जन्मदाते सांगता येईनात, त्याला शून्य. टॉवेलचा झगा बांधलेला एक वीर भोकाड पसरून बसला.

"कावून रडून राहिला बे? उडला तू मस्तच. पन ज्यानं तुले उडवलं, त्याचं नाव?"

मग माझी लेक मिठी आली. नऊवारी, हेल्मेट, हातात डाव. काकांनी मान खाली घातली. पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

मिठीनेच सांगून टाकलं, "लिहिलं ढोमणेआजोबांनी. काढलं सरलाआजीनं."

सगळे हसले. सरलाकाकू म्हणजे काकांची बायको. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दर दिवाळीला त्या रांगोळीत ही मावशी काढायच्या, आणि आम्हाला वाटायचं, नवऱ्याची नक्कल करतात. मी मिठीला गप्प बस म्हणून खुणावलं.

"पण रांगोळीत आजी न पाहता काढायची! आजोबा पाहून काढायचे, तरी नाक चुकायचं."

काकांनी माईक घेतला. "बरोबर आहे पोरीचं. मासिकवाले म्हने, एकच नाव बसते. सरला म्हने, तुमचंच टाका. अन् मी टाकलं."

आता कोणी हसत नव्हतं.

काका वाकले आणि माईक मिठीच्या तोंडाशी धरला.

"काढलं कोनं, बेटा? जोरात सांग. मागच्याईले बी आयकू गेलं पायजे."