दहापैकी दोन

शिंपीणबाईंची बोटं बरी झाली असती तर सर्वांत जास्त फायदा त्यांच्या नवऱ्याचा होता. संधिवाताने बाईंची बोटं सुजल्यापासून ओले कपडे पिळणं, बरण्यांची झाकणं उघडणं आणि गिऱ्हाइकांची काज-बटणं ही तिन्ही खाती त्याच्याकडे आली होती. त्यामुळे डॉक्टरांनी आता गोळ्यांवर न थांबता इंजेक्शन सुरू करावं, असं त्याचं ठाम मत होतं.

बाईंचं मत उलटं. इंजेक्शन म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असा त्यांचा समज. म्हणून पाहुणे येण्याआधी घर आवरावं तसे त्यांनी तपासणीआधी हात आवरले. गरम पाण्यात बोटं शेकली आणि वेदनाशामक गोळ्या घेतल्या, एक नाही, दोन.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकेक सांधा दाबू लागल्या.

"दुखतं?"

"छे!" शिंपीणबाई हसल्या.

"आई गं!" नवरा कळवळला.

"काका, मी यांचा हात दाबतेय."

"बघवत नाही हो मला."

"गप्प बसा," बाई पुटपुटल्या.

सांधे मोजून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एकूण त्रास दहापैकी किती?"

"दोन."

"आठ!" नवरा म्हणाला.

"दोनच. फार तर अडीच."

"बरं, सात घ्या."

"अहो, इथे घासाघीस चालत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी रक्ताचा अहवाल पुन्हा पाहिला. "रक्तात सूज भरपूर दिसतेय आणि तुम्हाला तर काहीच दुखत नाही. कमाल आहे. इतकं बरं असेल, तर आहे तेच औषध चालू ठेवू."

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरणारी बायको नवऱ्याला मात्र दिसत होती. आणखी वर्षभर असंच गेलं तर ही बोटं पुन्हा कात्री धरणार नाहीत, हे त्याला कळत होतं. पिळायचे कपडे तो त्या क्षणी साफ विसरला. उठला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

"लाव."

"अहो! लाज आहे का काही?"

"लाव म्हणतो ना."

आयुष्यभर गावाची बटणं लावलेल्या बाई पुढे झाल्या. बटण काजापर्यंत गेलं आणि निसटलं. पुन्हा गेलं, पुन्हा निसटलं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"दोन गोळ्या खाऊन आलेय," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "त्या गोळ्यांनी दुखणं झाकलं जातं. आत सांधा झिजायचा तो झिजतोच. सुजलेले सांधे, रक्त, तुम्हाला रोज काय जमत नाही, हे सगळं खरं कळलं तरच मला औषध ठरवता येतं. नेहमीच्या गोळ्या पूर्ण मात्रेत देऊन सहा महिने झाले, पुरत नाहीत. इंजेक्शन जोडावं असं मला वाटतं. त्याने जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करू. पण हो-नाही तुम्ही सांगायचं."

"शिवता येईल?"

"खात्री देत नाही. पण आत्ता सुरू केलं तर आशा चांगली आहे."

बाईंनी नवऱ्याच्या उघड्या कॉलरकडे पाहिलं. "द्या."

नवरा जग जिंकल्यासारखा हसला. तेवढ्यात परिचारिका म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी, घरीच टोचायचं. दाबायला बोटांत जोर हवा, यांना जमणार नाही."

तिघीही त्याच्याकडे पाहू लागल्या.

"मी?" नवरा म्हणाला.

क्षयाच्या तपासणीत काही निघालं नाही. ठरल्या दिवशी बाई मांडी पुढे करून खुर्चीत बसल्या. नवऱ्याने डोळे मिटून सुई टोचली, दहा अंक मोजले, सुई काढली आणि तसाच जमिनीवर आडवा झाला. बाई सुजल्या बोटांनी त्याच्या तोंडावर पाणी मारत होत्या.

एवंच, दुखणं बाईंचं, औषधही बाईंनाच. टोचल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. घेरी तेवढी नवऱ्याच्या वाट्याला आली, दर पंधरा दिवसांनी एक.