टिलफोर्डच्या बगळ्यांची गोधडी

कोच हॅलोरनच्या नावातलं शेवटचं अक्षर शिवून वानेटा क्लिंगरने दोरा दातांनी तोडला आणि तेवढ्यात तिचा नवरा ऑर्विल फोनमधून डोकं वर काढून म्हणाला, "गेली."

"कोण गेली?"

"हॅलोरन. तुझी कोच. केंटकीतल्या कुठल्याशा मोठ्या कॉलेजात."

"सकाळी सकाळी वाह्यात बोलू नकोस, ऑर्विल."

"मी कशाला वाह्यात बोलू? हा बघ फोटो. नवी टोपी घालून हसतेय."

वानेटाने चष्मा पुसून फोटो पाहिला. टोपी जांभळी होती. टिलफोर्ड कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा रंग हिरवा, खूण बगळ्याची, आणि ही बाई गेली सहा वर्षं हिरव्याखेरीज दुसऱ्या रंगाचा मोजासुद्धा घालत नव्हती. मार्चमध्ये संघाच्या जेवणात छातीवर हात ठेवून तिने गावाला सांगितलं होतं, की टिलफोर्ड म्हणजे माझं घर. ऐकून वानेटाने डोळेसुद्धा पुसले होते.

"घर म्हणे!" वानेटा कडाडली. "धर्मशाळा केली मेलीने! आणि मी इथे तिच्या नावावर दुहेरी टाका घालत बसलेय!"

संताप रास्तच होता. शाळेच्या भटारखान्यातून निवृत्त व्हायच्या आधीपासून, म्हणजे सलग चोवीस वर्षं, वानेटा दरवर्षी बगळ्यांच्या संघाची एक गोधडी शिवत आली होती. मधोमध कोचच्या नावाचा चौकोन, भोवती बारा मुलींच्या नावांचे आणि नंबरांचे बारा चौकोन. हातशिलाई असल्यामुळे एप्रिलमध्ये सुरुवात करावी लागे. मग ऑक्टोबरात, गावासाठी खुल्या असलेल्या पहिल्या सरावाच्या दिवशी, ती गोधडी जिमच्या दाराशी पितळी हुकावर चढे, आणि आत जाणारा प्रत्येक माणूस तिच्यावरून हात फिरवून जाई. ती चढल्याशिवाय बास्केटबॉलचं वर्ष सुरू झालं असं टिलफोर्डमध्ये कुणी मानत नसे. यंदाची पंचविसावी होती. पंचविसाव्या वर्षी तो हुक रिकामा राहिला असता तर वानेटाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. निदान तिचं तरी तसं ठाम मत होतं.

तिने हॅलोरनचा चौकोन उसवून बिस्किटांच्या डब्यात फेकला आणि झाकण असं आपटलं, की परसातला कुत्रा भुंकला.

पुढच्या आठवड्यात ट्रेसा मॅकनट दाराशी आली. ट्रेसा म्हणजे अकरा नंबर, संघाची सगळ्यात चपळ पोरगी. दोन वर्षं दर रविवारी वानेटाच्या हातचा शुगर क्रीम पाय, म्हणजे साय-साखरेचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला यायची आणि बशी चाटूनपुसून ठेवायची. त्या दिवशी मात्र ती पायरीवरच उभी राहिली.

"आजी, मी पोर्टलमध्ये नाव घातलंय."

वानेटाने जाळीचं दार उघडलं नाही. "कशात घातलंयस?"

"ट्रान्स्फर पोर्टल. कोच हॅलोरन म्हणाल्या, तू पण चल. तिकडे मोठं मैदान आहे, टीव्हीवर सामने दाखवतात. तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी स्वतः सांगायला आले."

"आलीस, सांगितलंस. झालं?"

"आजी, रागावलात?"

"मी कशाला रागावू? मी कोण तुझी? तुझ्या नावाचा चौकोन तेवढा शिवत होते, हिरव्या रेशमाने. बाहेरून दार लोटून घे."

दार आतूनच बंद होतं, तेव्हा ट्रेसाला लोटायला काही उरलं नव्हतं. ती तशीच निघून गेली. वानेटाने ओव्हनमधला अख्खा पाय ऑर्विलपुढे आदळला. ऑर्विलने तक्रार केली नाही.

"हे पोर्टल म्हणजे आहे तरी काय रे?" तिने विचारलं.

"वधूवर सूचक मंडळासारखं असतं," ऑर्विल तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "नाव नोंदवायचं, मग दुसऱ्या कॉलेजांकडून स्थळं येतात."

"लग्न झालेल्या पोरींना स्थळं येतात? शोभतं का हे!"

मे महिन्यात नवी कोच आली. व्हॅन्स तिचं नाव. उंच, खणखणीत आवाजाची बाई. येताना जुन्या कॉलेजातल्या स्वतःच्या तीन मुली बरोबर घेऊन आली, त्याही ताडमाड. बँकेच्या फलकावर 'सुस्वागतम' लागलं, वानेटाने तीन थरांचा केक केला आणि चार चौकोन नव्याने शिवले. ते बसले न बसले, तोच जुन्या संघातल्या दोघींनी या ताडमाड मुलींकडे पाहून हिशेब केला, की आपल्या वाट्याला आता बाकडंच. झालं, त्याही पोर्टलमध्ये. वानेटाने पुन्हा कात्री घेतली.

जून संपता संपता ऑर्विल पुन्हा फोनमधून वर आला. त्याचा चेहरा पाहूनच वानेटाच्या हातातली सुई थांबली.

"नाही," ती म्हणाली.

"हो."

"अरे, सात आठवडे झालेत तिला येऊन! तिच्या स्वागताचा केक अजून अर्धा फ्रीजरमध्ये आहे!"

"टेक्सासला चाललीय. त्या तिघी पण चालल्या."

"लाज! लाज म्हणून काही राहिलीच नाही जगात! सात आठवड्यांत माणसाला गावातले दोन सिग्नलसुद्धा पाठ होत नाहीत, आणि ही बाई निरोप घेऊन मोकळी!"

बँकेच्या फलकावर 'सुस्वागतम' तसंच होतं. काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, की आता ते ठेवूनच द्यावं असा शहाणा विचार कुणी केला, कोण जाणे. इकडे गोधडीची मात्र दैना झाली होती. त्याच त्याच जागी शिवून, उसवून, पुन्हा शिवून खालचं कापड चाळणीसारखं झालं होतं. सुईला धरायला धागा सापडेना.

तेव्हा ऑर्विलला कल्पना सुचली. जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. तो गॅरेजमधून, बुटांना असते तशा करकर वाजणाऱ्या चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन आला. "चौकोनाच्या मागे एक पट्टी, गोधडीवर एक पट्टी. पोरगी गेली, ओढा. पोरगी आली, दाबा. एक टाकासुद्धा उसवायला नको."

एरवी वानेटाने त्याला भेंडोळ्यासकट हाकलून दिलं असतं. पण तीन महिन्यांच्या उसवण्याने बाई पार वैतागली होती. तिने पट्ट्या लावल्या. इथेच तिचं चुकलं.

गुरुवारी ती गोधडी घेऊन मेनोनाइट पंथाच्या चर्चच्या तळघरात गेली. तिथे दर गुरुवारी गोधडी मंडळ बसे. दहा बायका एकदम बसू शकतील एवढी मोठी लाकडी चौकट होती त्यांची, अख्ख्या परगण्यात तेवढी दुसरी नव्हती. शेवटची बारीक हातशिलाई वानेटा दरवर्षी तिथेच करून घेई. बायकांनी गोधडी चौकटीवर ताणली, सुया ओवल्या, आणि मंडळाची प्रमुख बर्निस ग्रेबर हिने सवयीने एका चौकोनाचा कोपरा चाचपला.

करर्र.

दहाही बायकांनी माना वर केल्या. बर्निसने कोपरा पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. करर्र.

"वानेटा," बर्निस सावकाश म्हणाली, "ही चिकटपट्टी आहे."

"अगं, ऐक तर. पोरी टिकत नाहीत. मी किती वेळा उसवू?"

"माझ्या आईने या चौकटीवर गोधड्या शिवल्या. तिच्या आईने शिवल्या. दोरा आणि सुई, बस्स. उद्या तू म्हणशील, झिप लावू या."

"पण बर्निस..."

"गोधडी म्हणजे काय पावसाळी बूट आहे, करर्र काढला, करर्र घातला? ऑर्विलने सुचवलं ना हे? वाटलंच. गुंडाळ ती, आणि पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस."

वानेटा घरी आली ती फणफणतच. गोधडी सोफ्यावर आपटली, पर्स आपटली, आणखी काही सापडेना म्हणून उशी आपटली. "मला काढलं! मला! नऊ वर्षं तिथे खपले, आणि एका पट्टीपायी बाहेर! माणुसकी नाही, इमान नाही. कोच पळतात, पोरी पळतात, आणि जी एकटी जागच्या जागी राहिलीय, तिलाच हाकलतात!"

"जागच्या जागी?" ऑर्विल म्हणाला.

"मग? मी कधी कुणाला सोडून गेलेय?"

ऑर्विलने फोन बाजूला ठेवला. हे तो सहसा करत नसे. "नऊ वर्षांपूर्वी आपल्या लूथरन चर्चचं मंडळ सोडून मेनोनाइटांकडे कोण गेलं होतं? त्यांची चौकट मोठी म्हणून?"

"ते वेगळं होतं!"

"कसं काय?"

"मी मंडळातल्या आर्डिथला सांगितलं होतं," वानेटा म्हणाली.

"चिठ्ठी ठेवली होतीस. कॉफीच्या किटलीखाली. ती पोर निदान दाराशी तरी आली होती."

रात्रीच्या जेवणाला वानेटाने ऑर्विलला उकडलेलं बीट वाढलं. त्याला बीट आवडत नाही, हे तिला बेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये कॉलेजने मदतनीस असलेल्या पिंक्स्टनलाच कोच केलं आणि तिने कुठून कुठून तीन मुली गोळा करून संघ बाराचा केला. आता नावांची यादी पक्की झाली, पण चौकट नव्हती. घरात मांडीवर घेऊन एकटीने शिवायचं म्हटलं असतं तर पुढचा उन्हाळा उजाडला असता. सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी वानेटाने गोधडी काखेत मारली, हातात शुगर क्रीम पायची थाळी घेतली, आणि लूथरन चर्चच्या मागच्या दाराने आत शिरली. रविवारी ती याच चर्चमध्ये आर्डिथपासून तीन बाकं सोडून बसे, आणि नऊ वर्षांत दोघींमध्ये 'आज वारा आहे' यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

आत पाच बायका होत्या. आर्डिथने चष्म्यावरून पाहिलं.

"आज वारा आहे," वानेटा म्हणाली.

"आहे," आर्डिथ म्हणाली. "आमची चौकट लहानच आहे हं अजून. तुला आठवत असेल."

"आठवतंय."

"बर्निसने काढलं म्हणे तुला. चिकटपट्टीवरून."

"गावभर झालं वाटतं?"

"गावभर तर झालंच. इंडियानापोलिसहून माझ्या बहिणीचा फोन आला होता."

वानेटा पायची थाळी ठेवायला टेबलाकडे वळली आणि थबकली. टेबलावर मंडळाचा जुना टेबलक्लॉथ होता, प्रत्येक बाईचं नाव कडेने भरलेला. मेलेल्या चौघींची नावं होती, हयात असलेल्यांची होती, आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात, निळ्या दोऱ्यात, वानेटा असंही होतं. फक्त त्या नावाभोवती एक तपकिरी, गोल, गडद डाग होता.

"तू हे उसवलं नाहीस?" वानेटाचा आवाज एकदम बारीक झाला.

"उसवायला कशाला बसू? तू परत येणार हे मला ठाऊक होतं. नऊ वर्षं लावशील असं वाटलं नव्हतं."

"आणि हा डाग कसला?"

"किटलीचा," आर्डिथ शांतपणे म्हणाली. "दर गुरुवारी तुझ्या नावावरच ठेवते. तुझी चिठ्ठी जिथे सापडली तिथेच."

वानेटा आधी रडली, मग हसली. मग पाचही बायकांनी पाय संपवला. आर्डिथने सगळ्यात मोठा तुकडा घेतला आणि आपलं काही चुकतंय असं तिला अजिबात वाटलं नाही.

त्या दुपारी वानेटा घरून बिस्किटांचा डबा घेऊन आली. टेबलावर उपडा केला. हॅलोरन, ट्रेसा, व्हॅन्स, तिच्या तिघी ताडमाड, बाकड्याला भिऊन गेलेल्या दोघी, सगळ्या बाहेर पडल्या. चिकटपट्ट्या आर्डिथने दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकल्या. नवं कापड आलं. लहान चौकटीवर गुंडाळत गुंडाळत सहा बायकांनी एकवीस चौकोन शिवले, सगळे दोऱ्याने, सगळे पक्के. ट्रेसाचा शेवटी राहिला होता. तो वानेटाने स्वतः शिवला, हिरव्या रेशमाने, दुहेरी टाक्याने. गाठ मारली. मग कॉफीने भरलेला कप उचलला, त्याचं ओलं बूड अकरा नंबरवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी चांगलं दाबलं.

"पुरे," आर्डिथ म्हणाली. "खालपर्यंत उतरेल."

"उतरू दे."

ऑक्टोबरात गोधडी हुकावर चढली. ती इतकी लांब झाली होती, की खालची कड जमिनीला टेकत होती आणि आत जाणाऱ्यांना पाय उचलून जावं लागत होतं. कोच पिंक्स्टनने समोर उभं राहून चौकोन मोजले.

"वानेटाबाई, पण माझ्याकडे बाराच मुली आहेत."

"मला मोजता येतं."

"आणि माझ्या नावाखाली हा कोरा चौकोन कशाला?"

"तुम्ही मनावर घेऊ नका हो," वानेटा म्हणाली. "सोय म्हणून ठेवलाय."

ऑर्विलने गोधडीचा फोटो काढून ट्रेसाला पाठवला. वानेटाला विचारलं नाही, नुसता पाठवला. बगळ्यांचा सराव अर्ध्यावर आला असताना त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि बायकोला कोपर मारलं.

"ट्रेसा विचारतेय, आजी, माझ्या नावावर कॉफी कुणी सांडली?"

वानेटाने मैदानावरची नजर हलवली नाही. नव्या अकरा नंबरने चेंडू हातातून सोडला होता आणि त्याबद्दल तिला बरंच काही बोलायचं होतं.

"लिही तिला," ती म्हणाली. "म्हणावं, इतकं वाटतंय तर ये आणि आपल्या हाताने धू."