आरसे बंद, सावल्या बंद

मुलगा फोनवर चाळीस सेकंदांच्या वर बोलत नाही, हे निवृत्त फोरमननी घड्याळ लावून पाहिलं होतं. त्यातही निम्मा वेळ ‘हं’ आणि ‘ठेवू का?’ यांतच जायचा. पण हाच मुलगा रोज संध्याकाळी मालट्रक चालवायचा एक गेम खेळतो, तिथे ‘मुंगळा’ असं नाव लावतो आणि परक्या लोकांशी पोटभर गप्पा मारतो, अशी बातमी सुनेकडून आली. फोरमननी ठरवलं, आपणही ट्रक घ्यायचा.

घरातला कॉम्प्युटर बारा वर्षांचा, तोही घेताना सर्वांत स्वस्त बघून घेतलेला. गेम उतरवण्यातच दीड दिवस गेला. ट्रक दिसला, पण जागचा हलेना. फोरमननी मुलाला फोन लावला.

“अरे, गेम अडकतोय. काय करू?”

“बाबा, त्या डब्यावर पत्ते खेळा. मी मीटिंगमध्ये आहे, ठेवू का?”

“अकरा सेकंद,” कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

मग फोरमन हात धुऊन सेटिंगच्या मागे लागले. सावल्या बंद केल्या, गवत, झाडं, पाऊस, सगळं बंद केलं. उघड्याबोडक्या रस्त्यावरून ट्रक रखडत निघाला. आणखी वेग यावा म्हणून त्यांनी ट्रकचे आरसेही बंद केले, मुंगळा आणि त्याचे सोबती ट्रक उभे करतात तो तळ शोधून काढला आणि झोकात गाडी मागे घेतली. मागे चौदा ट्रक रांगेत उभे होते. पहिला दुसऱ्यावर कलला, दुसरा तिसऱ्यावर, आणि अख्खी रांग आडवी झाली.

पडदा शिव्यांनी भरून गेला. फक्त मुंगळ्यानं लिहिलं, “दादा, मशीन जुनं आहे का?”

“हो. फार जुनं.”

“मग आरसे ठेवा, पण धूसर. चित्राचा आकार कमी करा. सावकाश करा, मी थांबलोय.”

‘मी थांबलोय’ हे फोरमननी तीनदा वाचलं.

तास गेला. एकच प्रश्न चारदा विचारला तरी मुंगळा चिडला नाही. इतका गुणी मुलगा कोणाचा असेल, या विचारानं फोरमनचा ऊर भरून आला, आणि तो आपलाच आहे हे आठवल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

“परक्यांशी कसा गोड बोलतो बघ,” ते बायकोला म्हणाले.

“तुम्हीही कारखान्यातल्या पोरांशी गोडच बोलायचात,” ती म्हणाली.

गाडी आता लोण्यासारखी चालत होती. मुंगळ्यानं लिहिलं, “काही अडचण नाही ना आता? मग निघतो.”

फोरमनना राहवेना. “अरे, मी बाबा,” त्यांनी लिहिलं.

उत्तर आलं, “बाबा, तुम्ही इथे काय करताय? मीटिंग आहे. ठेवतो.” तिथे ठेवायला फोन नव्हता, तरी त्यानं ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोरमननी सावल्या सुरू केल्या. गवत, झाडं, पाऊस, सगळं शेवटच्या टोकाला नेलं. कॉम्प्युटर कण्हायला लागला, ट्रक रुतल्यासारखा थांबला. मग त्यांनी नवं नाव घेतलं आणि एका बोटानं लिहिलं, “नमस्कार. नवीन आहे. गाडी हलत नाही. कोणी सांगेल का?”

लगेच मुंगळ्याचं उत्तर आलं, “सांगतो ना, दादा. मला अख्खी संध्याकाळ मोकळी आहे.”