एक जूनचे नऊ प्रवासी

अमेरिकेत मॉरिसव्हिलला कुशल मेश्रामच्या घरी सकाळी साडेसातलाच डायनिंग टेबलवर एक भिंग, लाल पेन आणि व्हिएतनामच्या टूरचं माहितीपत्रक अशी मांडामांड झाली होती. भिंग रामभाऊंचं. रामभाऊ म्हणजे कुशलचे वडील. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेले आणि आता मुलाकडे राहायला आलेले. 'पोट दुखते, सबब सुट्टी मिळावी' असल्या अर्जांनी त्यांचा माणसांवरचा विश्वास नोकरीच्या पहिल्याच वर्षी उडाला होता. तो परत काही आला नाही.

"गिरजा, हे पाह. ही टोपीवाली बाई डोंगरातल्या गावात भात लावून राहिली. अन् पान उलटलं की हीच बाई समुद्रावर मासे विकून राहिली."

"अवो, तशा टोप्या तिथं सगळ्याच घालत असतील," गिरजाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

"टोपी सोड, नाक पाह. नाक तेच आहे! बाई भाड्यानं आणलेली आहे. मले तर हे सगळं प्रकरणच बोगस वाटते."

गिरजाबाईंनी लाटणं थांबवलं. रामभाऊंच्या संशयानं आजवर सहा सहली गिळल्या होत्या. अजिंठ्याला निघालेल्या बसच्या ड्रायव्हरचे डोळे त्यांना लाल दिसले होते, बोधगयेच्या तिकिटावरचा शिक्का फिकट निघाला होता आणि नायगाऱ्याच्या वेळी हॉटेलवाल्यानं फोनवर 'नो प्रॉब्लेम' दोनदा म्हटलं होतं. एकदा म्हणणारा माणूस खरा, दोनदा म्हणणारा काहीतरी लपवतो, असं रामभाऊंचं मत होतं.

पण ही सातवी सहल गिरजाबाईंना काही केल्या सोडायची नव्हती. कारण माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर एक गोल होडी होती. होडी कसली, बांबूची भलीमोठी टोपलीच. होई आनच्या किनाऱ्याजवळ तीत दोन माणसं बसवतात आणि नावाडी ती पाण्यावर गरगर फिरवतो. ते चित्र पाहून गिरजाबाई सुनेला म्हणाल्या होत्या, "सोनल, लहानपणापासून शेणाची, मातीची, धान्याची टोपली मी डोक्यावर घेतली. एकदा तरी टोपलीनं मले घ्यावं, एवढंच वाटते." सोनलनं त्याच दिवशी दोघांचं बुकिंग करून टाकलं होतं.

ग्रुप चौदा जणांचा होता. कॅरी आणि मॉरिसव्हिल या शेजारशेजारच्या गावांत मुलांकडे राहणारे, रोज सकाळी तळ्याकाठी चालायला येणारे आई-बाप. हनोई, 'सापा' नावाच्या डोंगराळ भागातली गावं, मग समुद्रकिनारा, असे बारा दिवस. टूर कंपनीचं ऑफिस दातांचा दवाखाना आणि नेल सलॉन यांच्या मधल्या गाळ्यात होतं. पाटी जागेवर आहे की नाही हे पाहायला रामभाऊंनी कुशलला तिथून दोनदा गाडी न्यायला लावली होती. दोन्ही वेळा पाटी जागेवर होती, त्यामुळे त्यांचा संशय आणखी बळावला होता.

नाकाचा शोध लागला त्या दुपारी रामभाऊंनी कंपनीच्या शेरिलबाईंना एक ईमेल लिहिला. आपल्या मास्तरी इंग्रजीत त्यांनी विचारलं, की आपण प्रत्येक प्रवाशाची जन्मतारीख नीट पडताळून पाहता की नाही? हल्ली लबाडी फार वाढली आहे, तरी कृपया बारकाईने पाहावे. मग त्यांनी तो तीनदा वाचला, दोन स्वल्पविराम घातले आणि पाठवला.

शेरिल सरळ बाई होती. बुकिंग सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत तिनं एकाही जन्मतारखेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता एका ज्येष्ठ प्रवाशानंच सांगितलं म्हणून तिनं यादी उघडली, आणि बारकाईनं पाहिलं. चौदापैकी नऊ जण एक जूनला जन्मले होते.

तिनं यादी विमा कंपनीकडे पाठवली. विमा कंपनीनं पुढचं सगळं थांबवलं. संध्याकाळी चौदाही जणांना ईमेल आला, की तुमच्या ग्रुपच्या कागदपत्रांबद्दल शंका निर्माण झाली आहे, शुक्रवारपर्यंत समाधानकारक खुलासा न झाल्यास टूर कॅन्सल करावी लागेल. निघायला अकरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी कोणी चाललंच नाही. सगळे बाकाभोवती उभे राहिले आणि बाकावर, ईमेल आपणच लिहिला हे कबूल करून बसलेले रामभाऊ.

"गुरुजी, झाकली मूठ होती ना?" पुरुषोत्तम वानखेडे म्हणाले. एसटीत कंट्रोलर होते, आवाज अजून स्टँडवरचाच होता. "ते उघडून दाखवा म्हणून तिले कोणी सांगितलं होतं?"

"मी फक्त पडताळणी करा म्हटलं. ज्याचं खरं आहे त्याले भ्यायचं काय काम?"

"खरं कोणाचं आहे? माझं एक जून, तुमचं एक जून, वहिनींचंही एक जून!"

"हे पाहा पुरुषोत्तमराव, माझ्या खरेपणावर बोलायचं नाही. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा माझी आई त्या मैदानात होती अन् मी आईच्या पोटात होतो. जन्माच्या आधी दीक्षा घेतलेला माणूस आहे मी!"

हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. रामभाऊ ते बोलले, की गिरजाबाई नेहमी दुसरीकडे पाहत. आजही त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तळ्यातली बदकं मोजायला घेतली.

गुरुवारी व्हिडिओ कॉल ठरला. कुशलच्या दिवाणखान्यात सोफ्यावर, खुर्च्यांवर आणि जिन्याच्या पायऱ्यांवर एक जूनचे नऊही जण दाटीवाटीनं बसले. भिंतीवरच्या टीव्हीवर शेरिल उगवली. पांढरे केस, गळ्यात चष्म्याची साखळी, चेहऱ्यावर काळजी. ती इंग्रजीत बोलत होती आणि कुशल इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत होता.

"बाबा, ती विचारते, हा नुसता योगायोग आहे का?"

"नाही," रामभाऊ म्हणाले.

"बाबा, एका शब्दात नका ना सांगू यार! तिला अजूनच डाउट येतो."

मग पुरुषोत्तमराव पुढे सरसावले. खरं सांगितलं की काम होतं, असा त्यांचा भाबडा समज होता. "मॅडमले सांग कुशल, की एक जून ही काही माझी खरी तारीख नाही. मी हुरड्याच्या दिवसांत झालो. थंडी होती, एवढं नक्की."

कुशलनं ते सांगितलं. शेरिलनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माझंही नाही हो खरं," स्वानंदीकाकू उत्साहानं म्हणाल्या. त्या सांगलीकडच्या. "आमची म्हैस व्याली त्याच दिवशी मी झाले. म्हशीची तारीख डेअरीच्या वहीत आहे. माझी कुठंच नाही."

दिवाणखान्यात हशा पिकला. टीव्हीवर पिकला नाही. शेरिलनं काहीतरी लिहून घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे या नऊही पासपोर्टवरच्या तारखा खोट्या आहेत, असं तुम्ही स्वतःच मला सांगताय?"

कुशलनं मराठी करायच्या आधीच सगळ्यांना समजलं. गिरजाबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. मांडीवरचं माहितीपत्रक त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि ते अकराव्या पानावर उघडं होतं. रामभाऊंना ते दिसलं. सहा सहलींचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र चोरी पकडल्यासारखी त्यांची मान खाली गेली.

ते उठले. खडू झटकल्यासारखे हात झटकले आणि टीव्हीसमोर उभे राहिले.

"मॅडम, आय ॲम द टीचर," ते म्हणाले. "आय रोट द... कुशल, तू सांग. म्हणावं, हे मास्तरांचं काम आहे. आमच्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते. पोरगं आईचं बोट धरून यायचं. जन्मतारीख विचारली तर आई सांगायची, पूर आला त्या साली. रजिस्टरमध्ये पूर लिहिता येत नाही. मग मास्तर पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लावून पाहायचा. पोचला कान, तर झालं सहा वर्षांचं. लिही एक जून! माझ्या मास्तरानं माझं तसंच लिहिलं. मीही दोन-अडीचशे पोरांचं लिहिलं. तेच दाखल्यावर चढलं, तेच पासपोर्टवर. कागद खोटा नाही मॅडम. कागदाले फक्त आमचा जन्म माहीत नव्हता."

शेरिलनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे या सगळ्याच्या मागे तुम्ही आहात?"

"मी एकटा नाही. अख्खा महाराष्ट्र आहे."

"आणि तारखा तपासा असा ईमेल मला पाठवणारेही तुम्हीच?"

"येस," रामभाऊ खालच्या आवाजात म्हणाले.

शेरिल एकदम हसायला लागली. चष्म्याची साखळी हलेपर्यंत हसली. तिची आजी इथल्याच, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली. घरच्या बायबलमध्ये आजीच्या नावापुढे तारीख नव्हती, 'डुकरं कापायचा आठवडा' एवढंच लिहिलेलं होतं. पेन्शनच्या वेळी आजीनं ऑफिसातल्या साहेबाला विचारलं होतं, तुला कुठली तारीख सोयीची पडेल?

"गुरुजींनी हे सगळं लेखी द्यावं," ती डोळे पुसत म्हणाली. "सहीनिशी. विमा कंपनीचं मी पाहते."

रामभाऊंनी आयुष्यात कोणाला कसलं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. चारित्र्याचा दाखला मागायला आलेल्या पोरालाही ते 'माझ्या माहितीत वाईट नाही' एवढंच लिहून देत. त्या रात्री मात्र त्यांनी आठ माणसांसाठी आणि स्वतःसाठी 'आय हिअरबाय सर्टिफाय' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. शुक्रवारी दुपारी शेरिलचा ईमेल आला. टूर ठरल्याप्रमाणे निघणार होती.

शनिवारी व्हिएतनामहून गाइडचा कॉल आला. त्याचं नाव तुआन. हसरा, चाळिशीचा, इंग्रजी सावकाश बोलणारा. पुन्हा सगळे कुशलच्या दिवाणखान्यात जमले होते, आज मात्र चकल्या घेऊन.

"आधी मला तुमची वयं सांगा," तुआन म्हणाला.

रामभाऊंनी कान टवकारले. "याले वयं कशाले पाहिजेत?"

"आमच्याकडे वय कळल्याशिवाय हाक मारता येत नाही," तुआननं सांगितलं. "दादा म्हणायचं की काका, ताई म्हणायचं की मावशी, आधी ठरवावं लागतं."

"मग हा आपलाच माणूस आहे की!" स्वानंदीकाकू म्हणाल्या.

"आणि माझ्या ग्रुपचा एक नियम आहे. जो सगळ्यांत मोठा, तो टोपलीच्या पहिल्या होडीत. दुसऱ्या जागेवर कोण बसणार, तेही तोच ठरवतो. यादीप्रमाणे मिस्टर राम मोठे दिसतात. एक जून, एकोणीसशे सत्तावन्न."

रामभाऊंनी छाती पुढे काढली.

"थांबा जरा," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता, की चकल्यांचा कुरकुराट थांबला. "कुशल, त्याले सांग, मी मोठी आहे."

"तू?" रामभाऊ हसले. "तुझी तारीख तर पासपोर्टच्या फॉर्मवर मीच लिहिली. एक जून, एकोणसाठ. बायको दोन वर्षांनी लहान असते म्हणून."

"तुम्ही लिहिली. मले विचारलं होतं का?" गिरजाबाईंनी पदर सारखा केला. "चौदा ऑक्टोबर छप्पन. नागपूरले दीक्षा होती. माझा बाप पांढरे कपडे घालून मैदानात गेला अन् इकडं घरी त्याच सकाळी मी झाले. म्हणून माय जाऊ शकली नाही. तो दिवस आमच्या घरात कोण विसरणार? पण लग्न ठरताना बाप म्हणाला, दिवस सांगू नको, पोरगी नवऱ्याहून मोठी आहे हे कळेल. मी नाही सांगितला."

पुरुषोत्तमरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गुरुजी, म्हणजे तुम्ही पोटात होते, तेव्हा वहिनी जन्मून मोकळ्या झाल्या होत्या!"

रामभाऊ खुर्चीत बसले. दर चौदा ऑक्टोबरला गिरजा खीर करायची. दीक्षेच्या दिवसाची खीर, म्हणून शेहेचाळीस वर्षं ते ती वाटी-वाटीनं खात आले होते. जगातल्या प्रत्येक शिक्क्यावर, सहीवर आणि नाकावर त्यांनी संशय घेतला होता. एका खिरीवर तेवढा घ्यायचा राहून गेला होता.

"गिरजा, एवढ्या वर्षांत एकदाही सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही अख्ख्या दुनियेले विचारत फिरले. मले कधी विचारलं?"

रामभाऊ उठले. टीव्हीसमोर गेले, हात झटकले आणि तुआनला मास्तरी इंग्रजीत म्हणाले, "फर्स्ट बोट, मिसेस गिरजा. आय सर्टिफाय."

तुआननं यादीत खूण केली. "आणि दुसऱ्या जागेवर? मोठ्या ताईंनी सांगायचं."

रामभाऊंनी आशेनं बायकोकडे पाहिलं. गिरजाबाईंनी टेबलावरचं भिंग उचललं, डोळ्याला लावलं आणि नवऱ्याचा चेहरा नाकापासून सुरू करून सावकाश तपासला.

"त्याले म्हणावं, अजून नक्की नाही," त्या म्हणाल्या. "यांची पडताळणी व्हायची आहे."