पांढुर्ण्यातला ओबरबाखकर

थंडीच्या दिवसांत आमच्या नगरपालिकेत कोणी जन्माचा नाहीतर मृत्यूचा दाखला मागायला गेलं आणि टेबलामागची खुर्ची रिकामी दिसली, की चपराशी हनुवटीनंच मागच्या अंगणाकडे खूण करायचा. अंगणात हातपंपाशेजारी एक बुटका, गोल चेहऱ्याचा गृहस्थ टोपी काढून, डोळे मिटून, तोंड वर करून उभा असायचा. वाळत घातलेल्या पापडासारखा निवांत.

"बाबूजी, दाखला पायजे होता."

"थांबा जरा," डोळे न उघडताच उत्तर यायचं. "ओबरबाखच्या वाट्याचं ऊन घेऊन राहिलो."

नवखा माणूस गोंधळायचा. गावानं मात्र गोंधळणं केव्हाच सोडून दिलं होतं. ओबरबाख हे तिकडे युरोपात, आल्प्सच्या डोंगरात, एका अरुंद दरीतलं चिमुकलं गाव. दक्षिणेला एवढा मोठा पहाड, की दिवाळी आटोपली की सूर्य त्याच्यामागे जातो तो महाशिवरात्रीच्या सुमाराला परत दिसतो. मधल्या काळात गावावर उन्हाचा कवडसासुद्धा पडत नाही. "बिच्चारे!" हा उन्हातला गुलाबराव म्हणायचा आणि त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. "आपल्याजवळ ऊन इतकं हाये, का ठेवाले जागा नाही. त्याईच्यासाठी घडीभर उभं राहाले आपलं काय जाते?"

बाकीचं जग आल्प्सचे फोटो पाहून जळतं. आमचा गुलाबराव ढोमणे त्यांची कीव करायचा. जळायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी अगदी मन लावून केलं.

मी कापडवाला. बाजारात माझं दुकान आहे. गुलाब आणि मी एका बाकावर बसून शिकलो आणि मॅट्रिकलाही एकाच वर्षी आपटलो. पुढं तो पास झाला, टाइपिंग शिकला, पालिकेत चिकटला. शेत त्याचं तिगावच्या वाटेवर. थोडा कापूस, थोडी संत्र्याची झाडं आणि एक बैलजोडी. पांढऱ्या बैलाचं नाव मंत्री, कारण तो काम करायचा नाही. तांबूस बैलाचं नाव संत्री. संध्याकाळी पालिका सुटली की गुलाब माझ्या दुकानाच्या ओट्यावर यायचा. मी गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडायचो, तो सुपारी कातरायचा, आणि आम्ही दोघं मिळून अख्ख्या गावाची मापं काढायचो. कोणाची सून भांडली, कोणाच्या बागेला बहार आला नाही, सगळं. वीसेक वर्षं असं चाललं. दुनियेत कोणाकडे काही का असेना, माझ्याकडे गुलाब होता.

मग आलोइस आला.

ऐंशी साल उलटल्यानंतरचा एक हिवाळा. तापानं फणफणलेला एक गोरा माणूस गाडीतून पांढुर्ण्याच्या फलाटावर उतरवला गेला. स्टेशनवरून पालिकेत निरोप आला, इंग्रजी येणारा माणूस पाठवा. पालिकेत इंग्रजी टाइप करणारा एकटा गुलाब. टाइप करणं आणि बोलणं यांत फरक असतो हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, गुलाबच्याही नाही. तो पाहुण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला, तिथून घरी घेऊन गेला, आणि पंधरवडाभर मुगाची खिचडी खाऊ घालून त्याला उभा केला.

दोघांचं इंग्रजी सारखंच तुटकं होतं, त्यामुळं जमलं. एका संध्याकाळी गुलाब धावतच ओट्यावर आला. "बाळू, तो बी बाबू हाये बे! त्याच्या गावच्या मुन्सिपालटीत. अन् टेबल बी तेच, जन्म-मृत्यूचं! शिक्का मारू मारू त्याचा बी अंगठा निळा होते म्हणते!"

मी म्हटलं, "वा." पण आपला ओटा गेला, हे मी त्याच संध्याकाळी ओळखलं.

आलोइस बरा होऊन गेला आणि ओबरबाख मागे ठेवून गेला. पुढं महिन्याला त्याचा लिफाफा यायचा. फोटो, बातम्या, कोण आजारी, कोण बरं. गुलाब ते सगळं माझ्या ओट्यावर बसून सांगायचा. आठशे वर्षांपूर्वी एका संन्याशानं तिथं झोपडी बांधली. मग मिठाचे व्यापारी त्या घाटातून खेचरं नेऊ लागले. मग धर्मशाळा झाली, मग चर्च झालं. एका साली बर्फाचा कडा कोसळून अर्धं गाव गाडलं गेलं, नुसता घंटेचा मनोरा वर राहिला. लोक मनोऱ्याच्या खिडकीतून आत शिरले आणि घंटा वाजवत बसले, म्हणजे बर्फाखाली जिवंत असलेल्याला कळावं की वर कोणीतरी आहे.

इतिहास परवडला. गावातली मान्यवर मंडळी मला असह्य व्हायची. एक हान्स, नगराध्यक्ष. निवडीच्या सभेला तो एकटाच आला नव्हता, म्हणून सगळ्यांनी त्यालाच निवडलं. तेव्हापासून तो एकही सभा चुकवत नाही. एक टोनी पाववाला. गावातल्या प्रत्येक गाईची घंटा आवाजावरून ओळखायचा, फक्त बायकोची हाक त्याला ऐकू यायची नाही. एक रोझा सुईण. म्हातारी झाली तरी पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरत बाळंतपणाला जायची. माझ्या सख्ख्या चुलतभावांची एवढी माहिती मला नव्हती.

पालिकेत तर कहर होता. एकदा एक बाई तावातावानं आली. मी तिथं दुकानाच्या लायसनसाठी गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं.

"बाबूजी, आमच्या दारातली नाली तुंबली. लेकरं त्याच्यातून जातात."

"बाई, नाली काय घेऊन बसल्या! ओबरबाखमदी पूरं घर बरफात गाडलं होतं. पूरं! धुराड्यातून माणसं काढली."

"आता त्याईचं बरफ मी काय करू जी? माही नाली काढा ना!"

गुलाबनं त्याच दुपारी माणूस पाठवून नाली काढली, हे खरं. पण निघताना ती बाई दारातून वळून विचारत होती, "निघाली का जी पुरी माणसं धुराड्यातून?"

असा हा ओबरबाखचा नाद गावालाही लागलाच. चहावाला गिऱ्हाइकांना टोनीचे किस्से सांगू लागला. मग मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, एक गाव त्याचं, तर एक आपलं. माझी सासुरवाडी मोहगावची. मी ओट्यावर मोहगावचा इतिहास सुरू केला. मोहगावातली नामांकित माणसं सांगितली. माझा मेहुणा बसल्या बैठकीला परातभर जिलेबी संपवतो, हे जरा रंगवून सांगितलं. गुलाबनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मोहगाव?" तो म्हणाला. "परवाच गेलतो मी. तुहा साळा भेटला. डॉक्टरनं गोड बंद केलं म्हणे त्याचं."

माझी मोहगावची मोहीम तिथंच संपली.

घर तरी माझं राहील असं वाटलं होतं. पण आईही गेली त्याच्या बाजूला. आई थकलेली होती, खाटेवर असायची. रविवारी गुलाब तिच्याजवळ येऊन बसायचा आणि मी घरात असूनसुद्धा माझ्याकडे दोघांचं लक्ष नसायचं.

"गुलाब, त्या रोझाचे घुटणे कसे हायेत रे आता?"

"दुखतात म्हणे, काकू. थंडी लय हाये न तिकडं."

"तिले म्हणा, मेथी टाकून तेल कढव, अन् कोमट कोमट लाव. माहे दोन सालापासून दुखून राहिले, त्यानंच बरं वाटते."

आईचे गुडघे दोन वर्षं दुखत होते, हे मला असं कळलं. रोझाला पाठवलेल्या निरोपातून! त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं कारण विचारलं, तेव्हा म्हणालो, "युरोप." ती भांडी आवरायला निघून गेली.

त्याच वर्षी आषाढात आई गेली.

गुलाब सगळ्यांच्या आधी आला. लाकडं त्यानं आणवली, तिरडी त्यानं बांधली, खांदा त्यानं दिला. नदीवर चिता पेटली आणि आम्ही बाजूला जाऊन बसलो. पाऊस भुरभुरत होता.  गुलाब माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाळू, ओबरबाखमदी असं कोणी गेलं का नाही, तं..."

माझं डोकं फिरलं. वर्षानुवर्षांचं साचलेलं सगळं त्या एका शब्दानं वर आलं. "आज तं तुहं ओबरबाख बाहेर ठेव!" मी चारचौघांत ओरडलो. "आई माही मेली हाये, त्या रोझाची नाही! जा ना, तिकडंच जाऊन राहा तू!"

गुलाबनं हात काढून घेतला. मान हलवली. तेराव्यापर्यंत सगळं त्यानंच पाहिलं, पण माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. आईचा दाखला चपराशाच्या हाती पाठवला. मग ओट्यावर येणं बंद झालं. मी सुपारी घेऊन बसायचो आणि ती न कातरताच परत डब्यात टाकायचो. गेला तर गेला, मी स्वतःला सांगायचो, त्याला त्याचा आलोइस आहे. आणि तेवढं म्हटलं की छातीत अशी आग व्हायची, की दुकान लवकर बंद करून घरी जायचो.

पोळा जवळ आला. पोळ्याआधी झुलीचं कापड घ्यायला गुलाब दरवर्षी यायचा. तासभर माझी सगळी ठाणं उलटीपालटी करायचा, मंत्रीला कोणता रंग शोभेल यावर वाद घालायचा आणि शेवटी मी सांगितलेलंच न्यायचा. त्या वर्षी मी लाल साटीन आधीच फाडून बाजूला ठेवलं होतं. तो आला नाही. बोलावणं धाडायला माझी जीभ रेटेना. खांदमळणीचा दिवसही गेला, आणि बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावायच्या त्या दिवशी मी पहिल्यांदाच गुलाबच्या गोठ्यात नव्हतो. म्हटलं, आता ही मैत्री संपलीच.

पोळ्याच्या दिवशी मी ओट्यावर नुसता उभा होतो. आमच्या घरी त्या साली सण नव्हता. समोरून जोड्या जात होत्या. रंगवलेली शिंगं, बेगड, गोंडे, घागरमाळा. पाठीवरच्या झुली तर निम्म्या माझ्याच दुकानातल्या. झडत्यांची गाणी चालू होती, मधूनच 'हर हर महादेव' उठत होतं. आणि मग एका बाजूनं तो आवाज बसत गेला.

गुलाब येत होता. मंत्री आणि संत्री त्याच्या मागे. अंगं स्वच्छ धुतलेली, पण पाठीवर झूल नाही, शिंगांना रंग नाही, गळ्यात एक घुंगरूही नाही.

"गुलाबबाबू, हे काय जी?" कोणीतरी ओरडलं. "सणाच्या दिवशी बोडके बैल?"

"तोरणाखाली असे बैल आणतं का कोणी? अपशकुन करतं का लेका?" एक म्हातारा काठी आपटत म्हणाला.  लोकांनी गुलाबला सगळ्यात मागे उभं केलं, तो मागे उभा राहिला.

मला वाटलं, आलोइस गेला. तसं वाटल्याबरोबर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. बरं झालं, असं आलं. मग गुलाबचा चेहरा दिसला आणि ते तिथंच विरलं.

तोरण तुटून पोळा फुटला, जोड्या घरोघर निघाल्या, मीही घरी आलो. गुलाब दरवर्षीसारखा बैल घेऊन पहिल्यांदा माझ्याच दारात आला. आई त्यांना ओवाळायची. या वेळी बायकोनं नुसतं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता उभे होतो. शेवटी मीच बोललो.

"आलोइस गेला का रे?"

"नाही बे. धडधाकट हाये तो."

"मंग रोझा?"

"कोणीच नाही गेलं तिकडं."

"मंग बैल असे कायले आणले?"

तो कासऱ्याच्या टोकाशी चाळा करत राहिला. "तिकडं गाई उन्हाळाभर पहाडावर राहतात. थंडीच्या आधी त्याईले खाली आणतात तं फुलं लावून, मोठ्या मोठ्या घंटा बांधून. आपल्या पोळ्यावानीच. पण त्या साली ज्याच्या घरचं कोणी गेलं, त्याच्या गाई बिना फुलाच्या येतात. बिना घंटेच्या. मंग गावाले काही सांगा लागत नाही. लोक टोप्या काढून रस्त्याच्या बाजूले उभे राहतात." तो थांबला. "तेच सांगत होतो तुले नदीवर. तू सांगू नाही देल्लं."

"पण तुह्या घरचं कोण गेलं?"

गुलाबनं टोपी काढली आणि मला पहिल्यांदा दिसलं, की तो रडत होता.

"काकू गेली ना बे," तो म्हणाला. "अन् तू पडला कापडवाला. तुह्या घरी बैल कुठं हायेत?"

 मी दारातून पायरी उतरलो आणि त्याच्या हातातून संत्रीचा कासरा घेतला. मंत्री त्याच्याकडे, संत्री माझ्याकडे, असे आम्ही ते बोडके बैल पुन्हा एकदा सगळ्या बाजारातून नेले.