पेंडसेकाकांचा केरमानी गालिचा

बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे बहुमजली इमारतीत, गालिच्यावर पाय देण्याआधी कुणी चप्पल काढायला वाकलं, की एक म्हातारा अंगावर ओरडायचा. "काढू नका! तुडवा हो, बिनधास्त तुडवा!"

हे आमचे शेजारी पेंडसेकाका. तांजोंग पगार भागातल्या एका बँकेतून निवृत्त झालेले अस्सल पुणेकर. त्यांनी आपला केरमानी गालिचा चक्क लिफ्टसमोरच्या कॉरिडॉरमध्ये अंथरला होता. कडेकडेनं सटकायची सोय नाही. "अहो, उडी काय मारता? डबकं आहे का?" ऑफिसच्या घाईत मला दोनदा मागे फिरवून त्यावरून चालायला लावलंय. तिसऱ्यांदा मी मुकाट्यानं जिना धरला, तर जिन्यात खुद्द काकाच भेटले.

हे खूळ गालिचा विकणाऱ्या इराणी आजोबांनी त्यांच्या डोक्यात घातलेलं. तिकडच्या बाजारात म्हणे नवे गालिचे वाटेवरच पसरतात. माणसं, हातगाड्या, गाढवं, सगळी वरून जातात. जितकी पावलं पडतील तितकी लोकर मऊ होते, रंग खुलतो. "बायकांनी दोन वर्षं बसून गाठी मारल्यात. उरलेलं काम पायांचं!" असं म्हणून काका कोपरा उलटा करायचे. "पाठ बघा, पाठ! पोट काय, कुणाचंही छान दिसतं."

मग टाउन कौन्सिलची नोटीस आली. रविवारपर्यंत कॉरिडॉर मोकळा करा. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. काकांचं मात्र तोंड एवढंसं झालं.

"आत नेला तर त्यावर चालणार कोण? माझ्याकडे येतं कोण?"

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती आणि भिंतीला भिंत असून मी त्या घरात एकदाही गेलो नव्हतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी मी समोरच्या लिम आंटींना गाठलं. त्यांनी अख्खा ब्लॉक उठवला.

रविवारी काय थाट सांगू! गालिचा काकांच्या हॉलमध्ये आणि रांग थेट लिफ्टपर्यंत. मलय आजोबा काठी टेकत आले, तमिळ जोडपं बाळाला घेऊन आलं, कुणी करी पफ आणले. काका नुसते उधळले होते. "तुडवा हो! त्या लाल कडेला कुणीच जात नाहीये!"

"अंकल, युअर टर्न ला!" शेवटी इथला लाडका 'ला' जोडून लिम आंटी म्हणाल्या.

काका जागेवरच थबकले. मग मला हळूच म्हणाले, "हिनं तो अकरा वर्षं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. चांगल्या दिवसासाठी. तिचाच पाय लागला नाही त्याला. मी कसा लावू?"

आंटींना मराठीतलं अक्षर कळलं नसेल. त्यांनी सरळ काकांचा हात धरला आणि पुढे ओढलं. काका चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताठ मानेनं. टाळ्यांनी हॉल दणाणला.

मी पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती बाजूला सारली.

"थांबा हो, हिची फेरी राहिलीय," म्हणाले, आणि परत निघाले.