एकाच माणसाने पाहिलेली जाहिरात

सोमवारी सकाळी बाबांनी आपला मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवला आणि वरून झाकण घट्ट लावलं.

"अहो, काय चाललंय?" आई म्हणाली.

"हळू बोल. तो ऐकतोय."

"कोण?"

"मोबाइल. काल रात्रीपासून माझ्या गुडघ्यांवर डोळा आहे त्याचा. हे बघ, वाच." बाबांनी झाकण उघडून मोबाइल बाहेर काढला, त्यावर फुंकर मारली आणि आईच्या नाकासमोर धरला. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "जिना उतरताना कठडा धरता आणि कुणी पाहिलं की 'धूळ पुसतोय' म्हणता? गुडघ्यांची लाज कसली? आमच्याकडे या."

मोरीत दात घासणाऱ्या भिंगरीचा ब्रश तोंडातच थांबला. हे वाक्य तिने लिहिलं होतं आणि ते शहरातल्या हजारो गुडघेदुखीवाल्यांना दिसायला हवं होतं. दिसणारच की, बाबा त्या हजारांतले एक, असं तिने स्वतःला समजावलं आणि चूळ भरली.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. ते का पडलं, हे तिला दोन मिनिटं पाहणाऱ्या कुणालाही कळेल. इतिहास घेऊन ती पदवीधर झाली, तेव्हा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या काकांनी आपल्या ऑफिसात तिच्यासाठी एक खुर्ची बघून ठेवली होती. फायलींना आकडे घालायचे आणि पाचला घरी यायचं. पण भिंगरीने जाहीर केलं की तिला डिजिटल संवाद आणि प्रसिद्धी हा पुढचा कोर्स करायचाय.

"इंटरनेटवर बोंबा मारायला कॉलेज कशाला लागतं?" काका म्हणाले होते. "आमच्या गल्लीत सगळे न शिकताच मारतात."

सगळं घर काकांच्या बाजूने माना डोलवत असताना एकटे बाबा म्हणाले, "दादा, शिकू दे तिला. नापास झाली तर मी स्वतः हाताला धरून तुझ्या ऑफिसात आणून बसवीन." बाबा दादासमोर एवढं मोठं वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते. त्यामुळे परीक्षा भिंगरीची असली, तरी शब्द बाबांचा पणाला लागला होता.

आता तीच परीक्षा तोंडावर आली होती. प्रत्येकाने एका खऱ्या व्यवसायाची जाहिरात करायची आणि शनिवारपर्यंत त्याला निदान दहा नवे ग्राहक मिळवून द्यायचे. नाही मिळाले तर नापास. भिंगरीने चौकापलीकडच्या व्यायामवाल्या ताईंना निवडलं. ताई दुखऱ्या गुडघ्यांसाठी व्यायाम शिकवत आणि खोली रिकामी असल्यामुळे बहुतेक वेळ स्वतःच करत.

सरांनी वर्गात बजावलं होतं, "सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणासाठीच नसतं. एक नेमका माणूस डोळ्यांसमोर आणा!" भिंगरीने मान वर केली तेव्हा डोळ्यांसमोर बाबा होते. मग तिने जाहिरात तर बाबांना समोर ठेवून लिहिलीच, पण कुणाला दाखवायची हे विचारणारे रकानेही तशाच भक्तिभावाने भरले. वय किती, तर एकसष्ट ते एकसष्ट. राहणार कुठे, तर हीच गल्ली. आवड कशाची, तर सुतारकाम, कबुतरं आणि जुने रेडिओ. पडद्यावर बारीक अक्षरात सूचना आली की प्रेक्षक फारच कमी होत आहेत. पण भिंगरी बारीक अक्षरं वाचायला थांबली असती, तर तिला भिंगरी कोण म्हणालं असतं?

मंगळवारी तिने अहवाल उघडला. जाहिरात दिसली दोनशे चौदा वेळा. पाहणारी माणसं, एक.

बुधवारी जाहिरात पाचशे वेळा दिसली होती. माणूस तोच.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती धावतपळत सरांकडे गेली. सर शांतपणे म्हणाले, "एकदा सोडलेली जाहिरात शनिवारपर्यंत बदलता येत नाही. आपल्या निर्णयाबरोबर जगायला शिकायचं, हाच तर या परीक्षेचा उद्देश आहे."

घरी येऊन तिने स्वयंपाकघरात आईच्या पदरात तोंड खुपसलं. "दहा माणसं हवीत गं, आई! आणि माझी जाहिरात जगात एकटे बाबा बघतायत!"

"आणि तेही डब्यात ठेवून," आई म्हणाली. "रडू नकोस. सरळ जाऊन सांग त्यांना."

पण भिंगरीला धीर होईना. ज्यांनी आपल्यासाठी शब्द टाकला, त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? ती डोळे पुसून बाहेर आली तर बाबा बाहेरच्या खोलीत नव्हते. जिन्यावरून त्यांची एकेक पायरी उतरल्याचा आवाज येत होता. थोड्याच वेळात खालून काकांचा आवाज चढला. मग आणखी कुणाचा तरी.

गुरुवारी बाबांनी चहा घेतल्या घेतल्या जाहीर केलं, "मी त्या व्यायामवालीकडे जातोय. भांडायला. माझ्या गुडघ्यांची हेरगिरी करते म्हणजे काय!"

"बाबा, थांबा, जाऊ नका," भिंगरी म्हणाली. पण बाबा निघालेसुद्धा. ती मागोमाग पोचली, तोवर ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

"भांडा की, काका," ताई गोड आवाजात म्हणत होत्या. "पण आधी सांगा, जिना चढून आलात ना? कुठल्या पायरीला कळ आली?"

"सातव्या," बाबा म्हणाले आणि मग तोंड पाडून बसले. ताईंनी त्यांचा पाय हलकेच उचलून सरळ केला. भांडण तिथेच राहिलं आणि बाबा तासाभराने घरी आले.

एक झाला. नऊ राहिले आणि दिवस दोनच. भिंगरीने मनातल्या मनात फायलींना आकडे घालायला सुरुवातही केली.

शुक्रवारी सकाळी ताईंचा फोन आला. "अगं, लवकर ये! माझ्याकडे मोर्चा आलाय!"

भिंगरी पोचली तर खोलीत साठी ओलांडलेले दहा जण एकाच वेळी ओरडत होते. निवृत्त शिक्षक होते, कुलूपवाले होते, समोरच्या इमारतीतले जाडे वकील होते आणि सगळ्यांच्या पुढे मोठे काका होते.

"'धूळ पुसतोय' हे मी म्हणतो!" काका गरजले. "हे छापायची परवानगी कुणी दिली?"

"तुम्ही कसले म्हणता? ते माझ्यावर लिहिलंय," वकील म्हणाले. "दिवसातून चारदा जिना मी उतरतो, तुम्ही तर खालच्याच मजल्यावर राहता!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. प्रत्येकाला खात्री होती की जाहिरातीतले गुडघे आपलेच आहेत. ताई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या आणि एकेकाला खुर्चीत बसवत होत्या. वहीत नाव लिहिताना त्या विचारत, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि प्रत्येक जण रागारागाने सांगे, "जाहिरात पाहून!" साडेदहा वाजता मोर्चा रांगेत उभा राहून टाचा वर-खाली करत होता. काका मोठ्याने आकडे मोजत होते.

शनिवारी भिंगरीने वर्गासमोर अहवाल मांडला. पाहणारी माणसं एक. आलेली माणसं अकरा.

सर फळ्याकडे बघत राहिले. "एकाने पाहिली आणि अकरा आले? म्हणजे अकराशे टक्के? यंत्रणेत बिघाड दिसतोय."

"यंत्रणा ठीक आहे, सर. बिघाड मी केलाय," भिंगरी म्हणाली आणि तिने एकसष्ट ते एकसष्टपासून मोर्चापर्यंत सगळं खरं खरं सांगून टाकलं. वर्ग हसून हसून लोळला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हसू आवरत ताईंची वही तपासली, नावं मोजली आणि शेरा लिहिला, 'रकाने नापास, विद्यार्थिनी पास.' मग वर्ग सुटल्यावर भिंगरीला बाजूला घेऊन त्यांनी हळूच ताईंचा पत्ता मागितला.

भिंगरी तीन तीन पायऱ्या एकदम चढत घरी आली. बाबा खुर्चीत बसून मोबाइल उलटसुलट करून बघत होते.

"पास झाले, बाबा!" ती म्हणाली आणि धीर करून पुढे बोलली, "आणि एक सांगायचंय. ती जाहिरात माझी होती."

"मंगळवारीच कळलं मला. 'धूळ पुसतोय' हे मी आयुष्यात एकदाच म्हणालोय आणि ते तुला."

"मग ते भांडण? आणि काकांना, वकिलांना मोबाइल दाखवलात, तेही मुद्दाम?"

"तुला दहा हवे होते ना? स्वयंपाकघराचं दार कुठे बंद होतं!" बाबा हसले. "त्यांना 'व्यायामाला चला' म्हटलं असतं, तर एक जण जागचा हलला नसता. 'भांडायला चला' म्हटलं, तर वकील चप्पल न घालता निघाले."

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, तुम्ही होतात म्हणून मी शिकू शकले. आणि तुमच्यामुळेच पास झाले."

"बरं, बरं. माझे गुडघे पण तुझ्यामुळेच वळायला लागलेत." बाबांनी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "आज सकाळपासून काही आलं नाही गं यावर."

"मुदत संपली, बाबा. आता नाही येणार."

"असं होय?" बाबांनी मोबाइल बाजूला ठेवला. "नाही, तुझीच आहे हे कळल्यावर बरं वाटायचं. सकाळी डोळे उघडले की तू गुडघ्यांची चौकशी करायचीस. घरात सगळे 'डॉक्टरकडे जा' म्हणतात, पण कसे आहेत ते कुणी विचारत नाही."

भिंगरीने स्टूल ओढलं आणि चक्क स्वस्थ बसली. "बाबा, गुडघे कसे आहेत?"

"उजवा की डावा?"

"दोन्ही."

बाबांनी उजव्यापासून सुरुवात केली. जेवण वाढून गार झालं, आईने दोनदा हाका मारल्या, तरी डावा यायचाच होता.